चुन्याची खूण

मृणू आठ महिन्यांची झाली आणि मी पुन्हा कामाला निघाले. लग्नाआधी सहा वर्षं पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखले होते. आता सासर पेणजवळच्या जोह्यात, म्हणून इथल्याच दाजींच्या कारखान्यात विचारलं.

"आठ दिवस बघू," दाजी म्हणाले. "जमलं तर सीझनभर. पोर आणायचं नाय. फोन पेटीत."

दारापाशी पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप. सकाळी सगळ्यांचे फोन आत, जेवायच्या सुट्टीत बाहेर. साईराज, माझा नवरा, रोह्याला कंपनीत आहे. त्यांच्या गेटवर मोठा बोर्ड आहे, 'आम्ही एक कुटुंब आहोत', आणि फोन तिथेही गेटवरच काढून घेतात. दाजींकडे निदान बोर्ड नव्हता.

मृणूला शेजारच्या बायजाकाकूंकडे ठेवलं. कारखान्याच्या डाव्या खिडकीतून भातखाचरापलीकडे त्यांचं कौलारू छप्पर दिसायचं. निघताना मृणू रडली नाही. नुसती बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

दाजींची एक पद्धत होती. मूर्तींच्या रांगेसमोर जमिनीवर चुन्याची फुली मारलेली. घरात भक्त बसतो तेवढ्या अंतरावर. डोळे आखून झाले की दाजी त्या फुलीवर उकिडवे बसत आणि एकेका मूर्तीकडे बघत. देवाने नजरेला नजर दिली तर मूर्ती पास.

पहिल्या दिवशी माझ्या बारा मूर्तींसमोर ते बराच वेळ बसले.

"माझ्या खांद्यावरनं कुठं बघतोय ह्यो?"

मी त्यांच्या जागी बसून पाहिलं. बाराच्या बारा मूर्ती मला टाळून डाव्या खिडकीकडे बघत होत्या.

"देवाला बी सुट्टी पायजे दिसते," शेजारी रंगकाम करणारे पुंडलिकदादा हसले.

दुसऱ्या दिवशी दाजींनी माझं स्टूल भिंतीकडे फिरवलं. तेव्हा बुबुळं उजव्या कोपऱ्यात गेली. तिसऱ्या दिवशी खिडकीकडे पाठ करून बसवलं, तर डोळे इतके वर चढले, जणू मूर्ती मान मोडून मागे बघायचा प्रयत्न करतेय. माझा हात सरळच चालायचा. देवाशपथ सरळच.

सातव्या दिवशी दाजी म्हणाले, "हात गोड हाय तुझा. पण चित्त हितं नाय. आमच्यात तुझं जमायचं नाय गो. उद्याचा दिवस बघतो. चाळीस मूर्ती. एक जरी वाकडी निघाली तर परवापासनं येऊ नको."

आठव्या दिवशी स्टूल पुन्हा पहिल्या जागी होतं. दहा मूर्ती झाल्या. दहाही खिडकीकडेच बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. अकरावीचं दुसरं बुबुळ टेकवलं आणि ब्रश तसाच हातात राहिला.

ती उजवीकडे बघत होती. रस्त्याकडे.

बारावी उजवीकडे. तेरावीही.

"आज देवानं कूस बदलली काय?" पुंडलिकदादा म्हणाले, पण हसले नाहीत.

माझ्या मानेवर काटा आला. उजवीकडे काय आहे? रस्ता. रस्ता कुठे जातो? पेणला.

"दाजी, पेटी उघडा."

"अकरा बी वाजले नायत."

"उघडा, नायतर फोडते."

त्यांनी उघडली. बायजाकाकूंचे नऊ मिस्ड कॉल. लावला तर त्या रडतच बोलल्या, "पोरीला ताप चढला, आकडी आली गो! अय्यूबच्या रिक्षातनं पेणला आनलंय."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मृणू टेबलावर होती आणि नर्सच्या हातात भरलेली सुई होती. "कुठलं औषध?" मी दारातूनच ओरडले. तिने नाव सांगितलं. तेच. मागच्या महिन्यात त्यानेच मृणूचा गळा सुजला होता. बायजाकाकूंना ते कुठून ठाऊक असणार? डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली, दुसरं औषध दिलं, आणि मला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता. मृणूला कडेवर घेऊनच गेले, माझे ब्रश परत आणायला. दाजी चुन्याच्या फुलीजवळ उभे होते. पेटीचं कुलूप काढलेलं.

"काल घरी किती वाजता आलात? साडेसहा?"

"हो. कुणी सांगितलं?"

"तवाच परत खिडकीकडं वळल्या ह्या." त्यांनी नुसती हनुवटी मूर्तींकडे केली. कालच्या तेरा मूर्ती फळीवर होत्या. रंग खडखडीत वाळलेला. तेराही जणी दाराकडे बघत होत्या, आम्ही उभ्या होतो तिथे.

"आत ये," दाजी हळूच म्हणाले. "चालत ये, म्हंजे कळंल."

मी चालले. काही हललेलं दिसलं नाही. पण फुलीपाशी पोचले तेव्हा तेराही समोर बघत होत्या.

दाजींनी वरच्या वाशाला दोर टाकला आणि त्या फुलीवरच झोळी बांधली. "पोर हितं ऱ्हाईल. भक्ताच्या जागंवर. सीझनभर."

त्यानंतर माझी एकही मूर्ती वाकडी निघाली नाही. मुंबईचा व्यापारी फुलीवर उभा राहून म्हणाला, "दाजी, यंदा डोळे काय जिवंत आहेत हो! पुढच्या वर्षी दोनशे द्या."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. काम हवं होतं, आणि मृणू नजरेसमोर होती. आणखी काय मागायचं?

पण ट्रक भरला त्या दिवशी मी तिला घेऊन दारात उभी होते. पेंढ्यात बसवलेल्या मूर्तींची तोंडं मागच्या फळीकडे केलेली. ट्रक सुरू झाला, वळणावर आडवा झाला, सगळ्या मूर्तींची कूस आमच्याकडे आली. डोळे मात्र आमच्याकडेच राहिले. आता या कुठल्या कुठल्या घरांत जातील. लोक आरतीला उभे राहतील, आणि देव भिंतीपलीकडे माझ्या लेकीकडे बघत असेल.

"काकू, देवाची दृष्ट लागते?" मी ट्रक बघायला आलेल्या बायजाकाकूंना विचारलं.

"येडी का काय तू! देवाची कशी लागंल?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून कमरेची काजळाची डबी काढून माझ्या हातात दिली.

मृणू ट्रककडे बघून हसत होती, ओळखीचं कुणी दिसावं तसं. मी तिच्या गालावर तीट लावली. एक बोट पुरलं असतं. मी दुसऱ्या गालावरही लावली.