चाळीस कोसॅकांची बातमी

दौलतशोच्या घराला गावात कुणी घर म्हणत नसे, ठाणं म्हणत. होतं ते दोन खोल्यांचं मातीचं घरच. पण त्याच्या छतावरून रशियनांच्या मुलखाकडून येणारी वाट दिसायची, आणि त्या दिसण्याचे इंग्रज सरकार महिन्याला आठ रुपये मोजायचं. शिवाय निरोप्याच्या दोन घोड्यांची वैरण, आल्यागेल्या वाटसरूला बोलतं करायला विटेसारखा दाबलेला चहा आणि एक पितळी दुर्बीण. पैसे यायचे शिकारपुरी सावकाराकडून, कापडाच्या गाठीत दडवून. सरीकोलच्या डोंगराळ मुलखाच्या त्या टोकावर अंमल चिन्यांचा होता. तिथे इंग्रजांचं ठाणं आहे हे चिनी अंमलदारापासून मेंढपाळापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडाने कुणी म्हणायचं नाही अशी रीत होती.

अकरा वर्षं दौलतशोने हे काम इमानाने केलं. कोण आलं, कोण गेलं, पलीकडे अकतालच्या रशियन गढीत किती घोडे दिसतात, हे तो मोडक्यातोडक्या फारसीत लिहायचा आणि निरोप्या ते खिंडीपलीकडे इंग्रजांच्या छावणीत पोचवायचा. बहुतेक महिन्यांत लिहायला काही नसायचंच. मग तो तसंच लिहायचा: वाट मोकळी आहे, नवीन काही नाही.

त्या वर्षी उन्हाळा सरताना छावणीतून पत्र आलं. नवीन साहेब आला होता. सीमेपलीकडच्या ठाण्यांवर फार खर्च होतो असं त्याचं म्हणणं होतं. ज्या ठाण्याकडून वर्षभरात कामाची बातमी आली नाही, ते वसंतात बंद करायचं, असा हुकूम होता.

दौलतशोने ते पत्र तीनदा वाचलं. त्याच्या मेंढ्या दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मेल्या होत्या. घर त्या आठ रुपयांवर चाललं होतं. चार दिवस तो छतावर दुर्बीण घेऊन बसला आणि वाटेवर एक कोल्हा सोडून काही हललं नाही. पाचव्या दिवशी त्याने लिहिलं, की अकतालला चाळीस नवे कोसॅक, म्हणजे रशियन घोडेस्वार, आणि एक तोफ आली आहे.  चाळीस म्हणजे काही फार नव्हेत, साहेब ते वाचून बाजूला ठेवील आणि ठाणं चालू राहील, एवढाच त्याचा हिशोब होता.

महिन्याभराने निरोप्या परत आला, तो मुलीचा निरोप घेऊन. दौलतशोची मुलगी नीकबख्त छावणीजवळच्या गावात दिली होती. तिने सांगितलं होतं, की खिंड ओलांडून फौज निघणार आहे. ओझी वाहायला घरटी एक माणूस द्यायचा हुकूम झालाय. तिच्या नवऱ्याचं, अलीमर्दोनचं, नाव यादीत आहे. गेल्या हिवाळ्यात बर्फाने त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली आहेत हे दाखवलं, तरी कारकुनाने नाव खोडलं नाही.

दौलतशोची बायको गुलअंदाम चुलीपाशी पीठ मळत होती. ती म्हणाली, "या दिवसांत खिंड ओलांडायची? कुठल्या शहाण्याला सुचलं हे?"

दौलतशोने मान खाली घातली. तिने वर पाहिलं, आणि पिठातले हात तसेच राहिले.

"नीकबख्तचे बाबा, तुम्ही काय लिहिलंत?"

त्याने सांगितलं. वाटलं होतं ती कडाडेल, पण तिने हात पुसले, भिंतीवरची त्याची मेंढीच्या कातड्याची टोपी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "मग जा आणि सांगून या. ते मारतील तर मारतील. अलीमर्दोन खिंडीत मेला तर मी तुमच्यासमोर बसून जेवणार नाही."

खिंडीत घोट्याएवढा बर्फ होता. तिसऱ्या दिवशी तो छावणीत पोचला. मैदानात पिठाच्या पोत्यांची रास होती आणि गावोगावचे लोक ओझी बांधत होते. त्यांत त्याला जावई दिसला, एका दगडावर बसून पायाला लोकरी चिंध्या गुंडाळत होता. दौलतशो त्याच्याकडे न जाता सरळ साहेबाच्या तंबूकडे गेला.

साहेब तरुण होता, फारसी स्वच्छ बोलायचा. दौलतशोने टोपी काढून हातात घेतली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: चाळीस कोसॅक नाहीत, तोफ नाही, मी पोटासाठी खोटं लिहिलं, शिक्षा मला द्या आणि माणसं घरी पाठवा.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पेटीतून दुसरा कागद काढला. उत्तरेच्या ठाण्यावरच्या याकूब आखूनने लिहिलं होतं, की अकतालला साठ कोसॅक आणि दोन तोफा आल्या आहेत.

"त्याला विचारलं तेव्हा त्याने तुझी बातमी पक्की केली, वर वीस माणसं जास्त सांगितली. आता तू येऊन म्हणतोस काहीच नाही. रशियनांनी तुला किती दिले?"

 खोटं बोलला तेव्हा पटकन विश्वास बसला होता, आणि आता खरं कुणाला पटेना. याकूब आखूनलाही तेच पत्र गेलं असणार, त्याच्याही घरात खाणारी तोंडं असणार, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण ते साहेबाला कसं पटवायचं? शेवटी तो म्हणाला, "तुमचा माणूस माझ्याबरोबर द्या. मी त्याला अकतालच्या दारात नेतो. तोफ दिसली तर त्याने मला तिथेच गोळी घालावी."

साहेबाने कागद पेटीत परत टाकला. दहा दिवसांची मुदत दिली आणि हवालदार फत्तेदीनला बरोबर दिलं. हा पंजाबी गडी दाढी वाढवून कितीतरी वेळा व्यापारी बनून हिंडलेला होता. दोघांनी दोन याकांवर सुके जर्दाळू आणि मीठ लादलं. वाटेत फत्तेदीन मोजकंच बोलायचा. एकदा मात्र त्याने विचारलं, की खोटंच लिहायचं होतं तर तोफ कशाला घातलीस. दौलतशो म्हणाला, नुसती माणसं फार थोडी वाटली. फत्तेदीन हसला नाही, पण त्या रात्री त्याने आपल्यातलं सुकं मांस त्याला दिलं.

चौथ्या दिवशी दुपारी गढी दिसली. दाराशी पहारा नव्हता. आत अंगणात एक कोसॅक कुऱ्हाडीने बर्फ फोडत होता. त्याने यांना पाहिलं आणि आत धावत जाऊन हाका मारल्या. सगळे मिळून अकरा जण बाहेर आले. तिघांच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या होत्या, त्यांना धड उभं राहवत नव्हतं. तोफ नव्हती. तोफ ठेवायला जागाच नव्हती, तबेल्याचं छप्पर बर्फाने बसलं होतं.

त्यांचा नाईक येरमोलाय, पिकल्या मिशांचा, पामीरच्या लोकांची बोली बऱ्यापैकी बोलायचा. त्याने जर्दाळूंची पोती तिथल्या तिथे विकत घेतली. मग चहा आला, आंबट कोबीचं कालवण आलं. खाणं झाल्यावर त्याने दौलतशोला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तू त्या बाजूने आलास. खरं सांग, इंग्रजांची फौज येतेय का? मेंढपाळ म्हणतात पाचशे माणसं आहेत. आम्ही अकरा. मी आठ दिवस झोपलेलो नाही. उद्या मदत मागायला स्वार पाठवणार आहे."

फत्तेदीनने चहाच्या वाडग्यावरून दौलतशोकडे नुसतं पाहिलं. ती नजर गप्प राहा म्हणत होती.

दौलतशो म्हणाला, "कुणी येत नाही. ओझी बांधून ठेवलीत, तीही सुटतील. स्वार पाठवू नका."

येरमोलाय मागच्या पोत्यावर मटकन बसला. छातीवर क्रूस काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. मग उठून त्याने आजाऱ्यांच्या खोलीकडे तोंड करून आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि आतून हसण्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर फत्तेदीन चांगलाच तापला होता. "असं वचन द्यायचा तुला अधिकार कुणी दिला?"

"अधिकार कसला आलाय, हवालदारसाहेब? त्यांनी भिऊन चाळीस माणसं मागवली असती, तर माझी बातमी खरी झाली असती."

फत्तेदीनने याक पुढे हाकला. मुक्कामाला म्हणाला, साहेबासमोर मी बोलेन, तू मध्ये तोंड घालू नकोस.

नवव्या दिवशी ते छावणीत पोचले. हवालदार आत गेला आणि दौलतशो तंबूबाहेर उकिडवा बसून राहिला. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने साहेब स्वतः बाहेर आला. त्याने कारकुनाला बोलावून कूच रद्द झाल्याचं सांगितलं, माणसांना झालेल्या दिवसांची मजुरी देऊन सोडायला सांगितलं. मग दौलतशोकडे वळला.

"तुझं ठाणं आजपासून बंद. दुर्बीण हवालदाराच्या हवाली कर. याकूब आखूनचंही बंद. तुला तुरुंगात घालायला हवं होतं. पण तू पायी चालत आलास, तो अजून आलेला नाही."

 दौलतशोने वाकून सलाम केला.

मैदानात बातमी पसरली होती. लोक दोऱ्या सोडत होते, पोती धपाधप जमिनीवर पडत होती, कुणीतरी मध्येच गाऊ लागलं होतं. अलीमर्दोन लंगडत समोर आला आणि सासऱ्याला पाहून चकित झाला. इकडे कसे आलात, म्हणाला. दौलतशोने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. अलीमर्दोनने ऐकलं, आपल्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मामा, आता आठ रुपये गेले. पुढे काय करणार?"

"बघू. तुझ्या बापाकडे दहा मेंढ्या अर्ध्या वाट्याने मागीन म्हणतो."

"ते देतील. वर बोलणी मात्र खावी लागतील."

"खाईन की," दौलतशो म्हणाला.

दोघे नीकबख्तच्या घरी गेले. तिने दोघांना एकत्र दारात पाहिलं आणि नवऱ्याच्या पायांतले जाड बूट ओढून काढले. मग तिने भाकरी टाकल्या. दौलतशो पाच भाकऱ्या जेवला, भिंतीला टेकला आणि वाडगं हातात असतानाच त्याचा डोळा लागला.