रेवणप्पांच्या अकरा गती

चंद्रप्रभाबाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं सकाळी उठल्यावर सरळच व्हायची नाहीत. त्या रोजच्यासारखं कपाट पुसायच्या, कपाटावरचे पेले नीट रचायच्या आणि मग कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या. तासाभरानं बोटं कुरकुरत कामाला लागायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि स्वच्छ सांगितलं, "बोटं सरळ होतील. सतार वाजेल असं मात्र लिहून देत नाही."

तारीख अठरा दिवसांवर होती. आणि रेवणप्पांच्या अकरा गती, सतारीवरच्या त्यांच्या बंदिशी, बाईंच्या बोटांत होत्या. दुसरीकडे कुठंही नव्हत्या.

रेवणप्पा किल्लारीच्या बाजूचे सतारिये. आठवड्यातून दोनदा जीपनं लातूरला शिकवायला यायचे. बोलणं निम्मं कानडी. बाई शाळेत संगीत शिकवायच्या, म्हणून वही उघडून स्वर मांडायची त्यांना सवय. रेवणप्पा हात पुढं करून वही मिटायचे. "इल्ला बाई, इल्ला. ही मींड कागदावर कशी ठेवशील? घसरून पडती ती." बाईंनी घरी गुपचूप लिहून पाहिलंच. वहीत सगळे स्वर आले, गत काही आली नाही. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला रेवणप्पा गल्लीच्या गणपतीपुढं वाजवायला आले. बाई म्हणाल्या, आज इथंच राहा. पण ते शेवटच्या जीपनं गावी गेले. पहाटे भूकंप झाला. गाव राहिलं नाही, रेवणप्पाही राहिले नाहीत.

त्याला आता तेवीस वर्षं झाली होती. लातूर ओळखू येत नव्हतं. बाईंच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर मुलांच्या खोल्यांची पाटी, कोपऱ्यावर मेस, त्यापुढं झेरॉक्स. बाईंच्या माडीवरसुद्धा डॉक्टर व्हायला आलेली चार मुलं राहायची.

"आई, आपण रेकॉर्ड करू ना," अपूर्वा म्हणाली. अपूर्वा ही बाईंची सून, एका क्लासच्या स्टुडिओत लेक्चरचे व्हिडिओ करायची. तिथं सकाळी सहापासून फिजिक्स सुरू व्हायचं, त्यामुळे स्टुडिओ मिळणं शक्य नव्हतं. तिनं आधी सरांचा बोलायचा माईक घरी आणला. सतार कांबळ्यात गुंडाळून वाजवल्यासारखी आली. मग गाण्याचा मोठा माईक कुणाकडून तरी मागून आणला. त्यात सतार आली, पण सतारीसोबत भाजीवाला, मेसचा कुकर आणि माडीवरची खुर्चीही आली.

"ह्याला अख्खी गल्ली ऐकायची हौस दिसतीय," बाई म्हणाल्या.

"बारीक माईक लागंल आई. जाड पेन्सिलीएवढा. आतला पडदा लहान असतो, त्यामुळे तारेवरचा आघात चटकन धरतो. जवळ लावला की समोरचं जास्त घेतो, मागचं कमी."

लातूरच्या दुकानांत मंडळांचे भोंगे होते आणि सरांसाठी कॉलरचे माईक होते. वाद्याचा माईक मिळाला तर नांदेडला मिळेल, कारण तिथं गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे लोक दिलरुबा, रबाब घेऊन रेकॉर्डिंग करतात. दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. सतार बाईंच्या मांडीवर.

दुकानदाराचं नाव श्रीमंत. त्यानं तीन माईक काढले, एकाला तार जोडली आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्यापुढं खुळखुळवला.

"हे काय करताय?" बाईंनी विचारलं.

"परीक्षा, काकू. किल्ल्यांचा आवाज लई बारीक असतो. जो माईक किल्ल्या किल्ल्यांसारख्या ऐकवतो, तो आपला. पत्रा ऐकवला की परत डब्यात."

पहिल्यानं पत्राच ऐकवला. दुसरा अडीच हजारांचा. त्यात सतार अशी चकचकीत आली की अपूर्वा खूश झाली. बाई मात्र हेडफोन लावून डोळे मिटून बसल्या. "ही माझी सतार न्हाई. ही लग्नाला निघालीय." तिसरा होता साडेपाच हजारांचा. तो साधा वाटला. पण एका मींडेत बोट तारेवर ओढल्याचा बारीकसा आवाज त्यांना ऐकू आला आणि त्यांनी डोळे उघडले.

"ह्याची जोडी घेतात लोक," श्रीमंत म्हणाला.

"आणि ह्याहून चांगला?" बाईंनी विचारलं.

"हाय की. पंचवीस हजारांपासून पुढं. पण काकू, एका सतारीला हा एक बास. मी विकणारा माणूस सांगतोय." अपूर्वानं तो एकच घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलं क्लासला गेल्यावर अपूर्वानं खिडक्यांना गोधड्या लावल्या, सतारीपासून वीतभर लांब माईक धरला आणि बाईंनी पहिली गत वाजवली. ऐकताना दोघींचे चेहरे उतरले. वरच्या षड्जावर बोट गेलं की सतारीच्या मागून काहीतरी झिणझिणत होतं. बारीक, थंड, धातूचं. दरवेळी तिथंच.

"तरफ असंल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मुख्य तारांखालच्या तरफेच्या तारांवर फडकं दाबलं. तरीही झिण. सतारीच्या पडद्यांचे दोरे आवळले. झिण. दोन दिवस त्यात गेले.

"स्वस्तात घेतला ना," अपूर्वा रडवेली झाली. "पैसे वाचवायला गेले मी."

"माझी बोटं चाललीत, आणि तू पैशाचं काय घेऊन बसलीस? जा, बदलून आण."

अपूर्वा रजा टाकून नांदेडला गेली. दुपारी श्रीमंतचा फोन आला. "काकू, ह्या माईकपुढं तासभर दिलरुबा वाजवून घेतला. झिण न्हाई, झुण न्हाई. खोट तुमच्या घरात हाय बघा."

"माझ्या घरात काय खोट असणार?"

"ते मी नांदेडातून कसं सांगू?"

तारखेला आता बारा दिवस उरले होते. सकाळी अपूर्वानं कानाला हेडफोन लावला, हातात माईक घेतला आणि लांब तार ओढत खोलीभर फिरायला लागली. डास शोधावा तशी. बाई नुसता वरचा षड्ज छेडत होत्या. दार, पलंग, शोकेस. कपाटापाशी ती थांबली. टाचा उंचावून तिनं माईक वर नेला आणि हसायलाच लागली.

"आई, पेले!"

कपाटावर पितळी परातीत स्टीलचे पाच पेले एकावर एक उभे होते. भूकंपानंतर गल्लीत घरोघरी असेच रचलेले असायचे. जमीन हलली की आधी ते पडतील, आवाज होईल, बाहेर पळता येईल. लोकांनी हळूहळू आपापले पेले उतरवले, पाणी पिऊ लागले. बाईंनी रोज पुसून परत रचले. अपूर्वा लग्न होऊन आली तेव्हाही ते होते, त्यामुळे तिला ते कपाटाचाच भाग वाटायचे. तेवीस वर्षं षड्ज लागला की पेले झिणझिणत होते आणि घरातल्या कुणाला ते ऐकू येत नव्हतं.

"तासभर खाली ठेवू," अपूर्वा म्हणाली.

"हात लावू नकोस त्याला."

"आई, मी आहे ना इथं. जमीन हलली तर मी ओरडीन पेल्यांपेक्षा मोठ्यानं."

"थट्टा सुचतीय तुला? दुसऱ्या खोलीत करू."

"दुसरी खोली रस्त्यावर आहे. मेसचा कुकर घ्यायचा का गतीत?"

सतार मांडीवर तशीच. मग बाईंनी पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं आणि झिण आली तिथं हात वर करून थांबवायला लावलं. ही गत रेवणप्पांनी त्यांना ह्याच खोलीत दिली होती. तेव्हा कपाटावर काय होतं? टोपलीत लोकरीचे गुंडे होते. पेले नव्हते. रेवणप्पांनी ही झिण कधीच ऐकली नव्हती. आणि आपण त्यांची म्हणून जी ठेवणार, तिच्यात दर षड्जाला तीच पहाट वाजणार.

त्या उठल्या. स्टूल घेतलं. अपूर्वा पुढं झाली तर तिला डोळ्यांनीच बाजूला केलं. वाकडी झालेली बोटं पेल्याला नीट धरवत नव्हती, पण पाचही पेले त्यांनी स्वतः उतरवले आणि परातीसकट पलीकडे पलंगावर गादीत ठेवले.

"लाव तुझं यंत्र."

वरचा षड्ज लागला. मागं काही नव्हतं. षड्ज सुटला, हवेत थोडा राहिला आणि संपला. बाईंचा हात क्षणभर थबकला, एवढी मोकळी जागा त्यांना अनोळखी होती. मग त्या पुढं गेल्या. मींड खाली आली ती रेवणप्पांची आली, शेवटी किंचित अडणारी, जीपमधून उतरताना ते अडायचे तशी.

अपूर्वानं ऐकवलं. बाईंनी दोनदा ऐकलं.

"पेले परत ठेवू वर?"

"स्वयंपाकघरातल्या फळीवर रच. तिथं पडले तरी ऐकू येतील मला." बाई म्हणाल्या, "आणि पाचवा ठेवू नको. त्यात पाणी आण, घसा कोरडा पडलाय."

अपूर्वा पाणी घेऊन आली. मुलं परतायला अजून पाऊण तास होता. बाईंनी तार छेडायची मिजराब बोटात पक्की बसवली आणि म्हणाल्या, "चल, दुसरी."

सोलापूरला जायच्या आदल्या दुपारी अकरावी झाली.