बैरूतच्या साहेबांची जमीन

"कुणी विचारलं ना, तर सांगायचं, जमीन आमची नाही. बैरूतच्या साहेबांची. आम्ही नुसते राबणारे."

सासऱ्यांचा तो आवाज जरीफाच्या कानात अजून तसाच होता. ती नवी नवरी होऊन हैफाजवळच्या मर्जच्या खोऱ्यातल्या या गावात आली, तेव्हा चुलीपाशी उभं करून त्यांनी हे तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तेव्हा तुर्कांचं राज्य. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या दारात शिपाई. आधी सारा न्यायचे, मग पोरं न्यायचे, थेट येमेनच्या लढाईवर. तिकडून परत आलेलं पोर गावानं पाहिलं नव्हतं. मग गावानं आपल्या मते शहाणपणा केला. बैरूतच्या एका धनिकाला गाठून सांगितलं, कागदावर नाव तुमचं लावा, नांगर आमचा राहू द्या. तो कशाला नाही म्हणतोय! पोरं वाचली. जरीफाचा नवरा दरवीश त्यातच वाचला.

आणि गावात तरी कुणाचा पट्टा कायमचा कुठे होता? वर्षाआड मशिदीच्या अंगणात पिशवीत खडे टाकायचे, एखाद्या लहान मुलीनं ते काढायचे, ज्याचा खडा निघेल त्याचा तो पट्टा. चांगली माती सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून. अल्लाच्या जमिनीला कागद कशाला?

पुढे तुर्क गेले, इंग्रज आले. बैरूतचे साहेबही वारले. त्यांच्या मुलांनी खोरं विकलं, यहुद्यांच्या एका संस्थेला. त्यात गाव आहे, हे त्यांना ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे.

गहू कापणीला आला तेव्हा इंग्रज साहेब आला. खळ्यात खुर्ची मांडून बसला. सोबत दुभाषा, आणि संस्थेचा मेंडेल नावाचा तरुण. रशियाकडून आलेला, मोडकंतोडकं अरबी बोलणारा. आज गावाचं म्हणणं नोंदलं जाणार होतं. जमीन आमची, असं एका तोंडानं म्हणायचं, हे आदल्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं होतं. जरीफाचा नेमाचा, दर सोमवारचा रोजा होता. ओठ कोरडे, मनात दुवा चाललेली.

साहेबानं वयाचा मान म्हणून पहिलं दरवीशला विचारलं, "बाबा, ही जमीन कुणाची?"

दरवीश उठला. अंगरखा सारखा केला. जन्मभर शिपायांपुढे मान जशी खाली जायची, तशी गेली.

"बैरूतच्या साहेबांची, हुजूर. आम्ही नुसते राबणारे."

आपण काय बोललो, ते त्याला नंतर कळलं. त्यानं तोंडावर हात ठेवला, पण साहेबाची लेखणी केव्हाच चालली होती.

"अरे, जीभ झडो तुझी!" मागून कुणीतरी ओरडलं.

जरीफा पुढे झाली. "खोटं आहे ते साहेब! तुर्कांसाठी ठरवलेलं खोटं. जमीन आमचीच."

दुभाष्यानं सांगितलं, तसा साहेब हसला. "म्हणजे सरकारशी खोटं बोलता, हे कबूल. मग आज खरं कशावरून?"

ती मेंडेलकडे वळली. "तू तरी सांग रे पोरा. तुझ्या आईबापाचं घर कुणी असं नेलं असतं तर?"

"नेलं नाही, मावशी. जाळलं, आम्ही यहुदी म्हणून." तो पायांकडे बघत म्हणाला. "कागद होता आमच्याकडे. पक्का, शिक्क्याचा. घरासकट जळला."

"मग कागदाची किंमत तुला कळायला हवी."

"कळते ना. म्हणून तर या वेळी तो सरकारच्या दप्तरात ठेवलाय, घरात नाही."

त्याच्या आवाजात गुर्मी नव्हती. असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

साहेबानं हुकूम सांगितला: गाव रिकामं करायचं. उभ्या पिकाचं काय ते हैफाची कचेरी ठरवेल, तोवर शेतात कुणी पाय ठेवायचा नाही.

दरवीश घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. "जरीफा, माझ्याच तोंडानं दिली गं."

"तुमच्या वडिलांनी शिकवलं, तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. समजूत काढायला गेली, पण शब्द कडूच निघाले.

दुपारी आंधळी हलीमा चाचपडत दाराशी आली. कापणीच्या दिवशी गरिबाचा वाटा शेतातच काढून द्यायचा, हा धर्म. या घरचा वाटा हलीमाला जायचा.

"आता कसला वाटा म्हणा," हलीमा पुटपुटली. "मी आपली निरोप घ्यायला आले."

"मिळेल. माझा शब्द."

"कुणाच्या शेतातून देशील गं, बाई?" आतून दरवीश ओरडला. "पकडतील! चोर म्हणतील!"

"म्हणू देत. ज्यानं पेरलं त्यानं द्यायचं. हे तरी कुणाच्या नावावर केलेलं नाही ना आपण?"



तिसऱ्या प्रहराची नमाज झाली. जरीफानं झग्याचा घोळ कमरेला खोचला, आढ्यातला विळा काढला, आणि शेताच्या वाटेला लागली. बांधावर मेंडेलचा पहारेकरी उभा होता. तिनं त्याला पाहिलं आणि पावलं तशीच चालू ठेवली.