राजभा म्हणजे आता तू बोल

माझ्या नवऱ्याला एक गोष्ट उपजत यायची, ती म्हणजे बोलणं. शिंदखेड्यात आमचं पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. मोटार घेऊन आलेल्या माणसाला तार गुंडाळून होईपर्यंत हे जगाची खबर सांगायचे आणि घरी आले की रेडिओसमोर बसायचे. ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. दर रविवारी सकाळी धुळे-जळगावचे हौशी लोक आपापल्या घरून एकमेकांशी बोलायचे, त्याला ते ‘नेट’ म्हणत. तिथला नियम असा, की आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं आणि दुसऱ्याला बोलू द्यायचं. यांचं ओव्हर कधी यायचंच नाही. घरातही तीच तऱ्हा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी शाळेत दिवसभर मराठी शिकवून घरी यायचे आणि इथे पुन्हा श्रोता व्हायचे.

मग तंबाखूने त्यांचा घसा खाल्ला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. त्यातून निघालेला खरखरीत आवाज यांनी एकदाच ऐकला आणि ते यंत्र कपाटात गेलं. रेडिओवर टॉवेल पडला. माझी शाळेतली जुनी पाटी घेऊन बसायचे आणि तिच्यावर लिहायचे, ‘चहा’, ‘नको’, ‘बरं’. बस. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी देवाला नवस बोलले असते, ती मिळाली आणि घर मला खायला उठलं. खरं सांगते, मला यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. डॉक्टरांनी वाचवलेला माणूस माझ्यासमोर विझत चालला होता.

नेट चालवणारे वाल्मीक आबा मूळचे आमच्या बाजूचेच, नोकरीने यावलला गेले आणि तिथेच राहिले. मोर्स कोड हा त्यांचा जीव की प्राण. छोटा आवाज, लांब आवाज, त्यांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. हे त्यांची टर उडवायचे, “तोंड दिलंय देवाने, मग टूं टूं कशाला?” एके दिवशी आबांचा मला फोन आला.

“मास्तरीनबाई, मोर्सले घसा लागत नही. हात लागस. प्रेमराजले सांगा.”

मी सांगितलं. यांनी पाटी पालथी घातली. परवान्याच्या परीक्षेपुरतं मोर्स पाठ केलं होतं, परीक्षेनंतर सगळं विसरून गेले होते. पण मीही हट्टाला पेटले. मला काही परवाना नाही, तेव्हा यांच्या वतीने रेडिओवर काही पाठवायची सोय नव्हती. शिकायचं तर यांनीच. मी दुकानातून सेल, बझर आणि पत्र्याची पट्टी आणून समोर टाकली. शेवटी निमूटपणे त्यांनी सरावाची ‘की’, म्हणजे मोर्स वाजवायचं बटण, जोडली. दाबली की वाजते, सोडली की थांबते.

अक्षरांचा तक्ता पुढे ठेवून ते वाजवू लागले आणि मी आत भाकरी थापत ऐकत होते. लांब, छोटा, लांब. लांब, छोटा, लांब. माझा हात पिठातच थांबला.

“अहो, हा तर र गण! राजभा!”

शाळेत वृत्तं शिकवताना मुलांकडून एक ओळ पाठ करून घेतात, यमाताराजभानसलगं. तिच्यातल्या पहिल्या आठांपैकी कुठल्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्या, ऱ्हस्व-दीर्घाचा एक ठेका मिळतो. ऱ्हस्व म्हणजे छोटा आवाज, दीर्घ म्हणजे लांब. राजभा हे त्यांच्या मोर्समधलं ‘के’ निघालं, म्हणजे ‘आता तू बोल’. जभान हे ‘आर’, म्हणजे ‘पोहोचलं’. तीन आवाजांची आठही अक्षरं त्या एका ओळीत सापडली. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. उरलेल्या अक्षरांना आणि आकड्यांना मी माझे शब्द लावले. मी चालीवर म्हणायचे, हे वाजवायचे. चुकले की मी शाळेच्या पट्टीने टेबल बडवायचे आणि हे माझ्याकडे असं बघायचे, की बोलता येत असतं तर आमचं मस्त भांडण झालं असतं.

अक्षरं बसली, शब्द बसले. मग ठरलं, कोणाला आधी सांगायचं नाही, एकदम नेटवर हजर व्हायचं. रविवारी यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, टॉवेल काढला, रेडिओलाही ‘की’ जोडली. आबांनी हजेरी घेतली आणि मध्ये जागा मिळाल्यावर यांनी आपलं कॉलसाईन वाजवलं. कॉलसाईन म्हणजे सरकारने दिलेलं अक्षर-आकड्यांचं रेडिओवरचं नाव.

स्पीकरमध्ये नुसती खरखर. मग धुळ्याच्या राजदीपचा आवाज आला, “मोर्सवर नवीन स्टेशन आहे कोणी. हे कॉलसाईन ओळखीचं नाही. पुन्हा सांगा.”

यांनी पुन्हा वाजवलं.

“नाही हो, कळलं नाही. कोण आहात?”

यांनी रेडिओ बंद केला. पाटीवर लिहिलं, ‘आवाज गेला, मीही गेलो.’ आणि टॉवेल पुन्हा टाकला. मी पाटी पुसून टाकली.

दुपारी आबांचा फोन आला. “मास्तरीनबाई, आज रेडिओवर कोनीतरी कविता म्हनी गया. प्रेमराज व्हता का?”

“कविता?”

“हा ना! बठ्ठा शब्दस्नी शेपटी लांब.”

मी हो म्हणून फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं, मग रडू आलं. कवितेच्या ओळीतलं शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी आम्ही ते लांबवून म्हणतो. वृत्ताची रीतच तशी. माझ्या तोंडून ती यांच्या बोटांत उतरली होती. प्रत्येक शब्दाच्या शेवटचा छोटा आवाज हे लांबवत होते, त्यामुळे कॉलसाईनचं शेवटचं अक्षरच बदलून गेलं होतं. मित्र यांना विसरले नव्हते. माझ्या शिकवण्यानेच यांना अनोळखी केलं होतं.

मी तशीच यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. “ऐका. चूक माझी आहे, तुमची नाही. आवाज गेला म्हणून माणूस जात नसतो. आणि गेलाच असेल तर या टॉवेलाखाली मी तरी त्याला राहू देणार नाही.” असं बोलून मी टॉवेल ओढला आणि धुवायला टाकला.

त्या दिवसापासून चाल बंद. आबा रोज सकाळी यावलहून सावकाश मोर्स पाठवायचे, हे नुसते ऐकायचे आणि तसेच शेवट आखूड तोडायला शिकायचे. चालीची खोड लवकर गेली नाही. कधी बोट लांबलं, की मी आतून ओरडायचे, “शेपटी!”

पुढे एका रविवारी हे पुन्हा बसले. यांनी कॉलसाईन वाजवलं, नीट, शेवट कापल्यासारखा आखूड. राजदीपने ते अक्षर-अक्षर वाचलं आणि मध्येच थांबला.

आबाच बोलले. “प्रेमराज, तूच शे रे भो!”

मग काय विचारता! यांनी जे वाजवायला घेतलं, ते थांबेनात. ऑपरेशन सांगितलं, दुकान सांगितलं, मास्तरीणबाईंची पट्टी सांगितली. आबा एकेक शब्द बाकीच्यांना वाचून दाखवत होते. शेवटी तेच दमले.

“अरे भो, पहिले बी तू असाच व्हता. आते तरी आमले बोलू दे!”

यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण हसणं जुनंच होतं. मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं. मला अजिबात लाज वाटली नाही.

नेट संपलं. यांनी रेडिओ बंद केला, टॉवेल शोधला नाही. टेबलावरची सरावाची ‘की’ पुढ्यात ओढली, माझ्याकडे बघितलं आणि वाजवलं. लांब, छोटा, लांब.

राजभा. आता तू बोल.

आमच्या सगळ्या संसारात यांनी मला हे पहिल्यांदा म्हटलं होतं. मी हात पदराला पुसला, ‘की’ माझ्याकडे फिरवली आणि वाजवलं. जभान. पोहोचलं.

शेवटचा ‘न’ मी आखूडच ठेवला.