फलाट आणि पायरी

नानांच्या धाकट्या मुलीने ठरलेलं लग्न मोडून जहाजावर नोकरी धरली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात त्या वर्षी बोलायला दुसरा विषय नव्हता. म्हणून नाना संध्याकाळ झाली की ताईकडे सटकायचे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्याकडे जहाजाचं नाव निघत नसे, कारण तिथे सगळं आगगाडीचं चाले.

ताईचे यजमान, म्हणजे नानांचे भाऊजी, डोंगरातल्या छोट्या रुळांच्या गाडीवर गार्ड होते. ती गाडी बंद पडली, भाऊजी निवृत्त झाले, पण गाडी काही डोक्यातून उतरेना. शेवटी त्यांनी झोपायच्या खोलीत भिंतीला फळ्या ठोकल्या आणि चारी बाजूंनी गाडीचा मार्ग आखला. बोटभर रुंदीचे रूळ, तळहाताएवढे डबे, बटणावर चालणारं इंजिन. स्टेशन पलंगाशेजारी खाली, पण दारासमोर मार्ग कपाळाएवढा उंच; तिथली फळी बिजागरीवर उचलायची. ती उचलायची राहिली की आत येणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ.

कामं वाटलेली होती. नाना आयुष्यभर कवळ्या बनवत आले. त्यामुळे डोंगर त्यांच्या प्लास्टरचे आणि डबेही त्यांचेच. हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्यातून ते डबा ओतायचे, कोरायचे, खिडक्या कापायचे. मग करडा अस्तर-रंग, त्यावर पातळ पातळ हात देऊन तपकिरी, आणि खिडक्यांखालची पिवळी रेघ चार केसांच्या कुंचल्याने. रंग कुठे खरवडला गेलाच, तर आतून डबा हसल्यासारखा दिसे.

ताई लग्नाच्या केकवर नक्षी काढून म्हातारी झालेली. स्टेशन, फलाट, झाडं तिच्याकडे. फलाटाचा एकेक दगड तिने आयसिंगच्या कोनातून पिळून काढला होता. डबे जुने दिसावेत म्हणून त्यांच्यावर कोको पावडरही तीच चोळायची. खोलीत त्यामुळे कायम बेकरीचा वास.

रूळ मात्र भाऊजींचे. "रुळात कोणी बोट घालायचं नाही," ही त्यांची पहिली आणि शेवटची अट होती. शेवटचा तुकडा ठोकताना ते स्टुलावरून पडले आणि खुबा मोडला. दवाखान्यात खुबा बसला, माणूस मात्र बसेना. भिंतीकडे तोंड करून पडायचे. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिला म्हणायचे, "उद्या ये." रोज उद्या. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की घरी गेल्यावर हे उठून बसले नाहीत, तर पुढे उठणार नाहीत.

एकच गोष्ट ते आपणहून विचारायचे. "नाना, गाडी फिरली का रे?"

आणि नानांनी एकदा ठोकून दिलं, "फिरली की. झकास फिरली."

फिरली कुठली. नवा पहिल्या वर्गाचा डबा नानांनी जुन्या फोटोवरून हुबेहूब केला होता, दोन्ही बाजूंना लांब पायरीसकट. तो स्टेशनात शिरला, फलाटाला घासला आणि आडवा झाला. पुन्हा सोडला, पुन्हा आडवा.

"तुझा फलाट सुटलाय," नाना म्हणाले.

"माझा फलाट ह्यांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघेवर आहे. केसभर इकडेतिकडे नाही. तुझा डबाच लठ्ठ झालाय. बायकोवर गेलाय."

"डबा फोटोबरहुकूम आहे. पायरी मोजून केलीय."

"हे बघ नान्या, फलाट जागचा हलत नाही. चालते ती गाडी. अडली तर खोड गाडीची."

"उद्या म्हणशील, जेवताना दात टोचले तर चूक घासाची."

"दात टोचले तर चूक दात करणाऱ्याची. सगळं गाव म्हणायचं."

हे नानांना झोंबलं. त्यांनी टोपी उचलली आणि चालते झाले, आणि उचलायची फळी विसरल्यामुळे कपाळावर टेंगूळ घेऊन चालते झाले. ताई हसली, ते त्याहून झोंबलं.

मग बोलणं बंद. निरोप नानांच्या बायकोमार्फत. ती बिचारी दोन गल्ल्या पायपीट करून वैतागली. "तुम्हा बहीणभावंडांत माझा पोस्टमन झालाय," ती नानांना म्हणाली. "पोरगी समुद्रावर गेली त्याचं दुःख करायचं सोडून हा माणूस पायरीचं दुःख करतोय."

"पोरगी परत येईल," नाना म्हणाले. "भाऊजी मंगळवारी येतायत आणि मी त्यांना गाडी फिरते म्हणून सांगून बसलोय."

यावर ती चहा टाकायला गेली.

ताई दवाखान्यात गेलेली पाहून नाना शनिवारी दुपारी तिच्या घरी गेले. किल्ली कुंडीखाली असायची. खिशात त्यांनी धंद्यातला निळा कागद नेला होता. कवळी टोचते म्हणणारा माणूस हमखास चुकीच्या जागी बोट ठेवतो. तो कागद दातांत धरून चावायला लावला, की जिथे खरोखर लागतं तिथे निळा डाग पडतो. नानांनी फलाटाच्या कडेला कागद लावला आणि डबा हाताने हळूच पुढे ढकलला. त्यांना वाटलं होतं, एखादा फुगलेला दगड सापडेल आणि तो ताईच्या नाकासमोर धरता येईल.

डाग एका दगडावर नव्हता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निळी पट्टी उमटली होती.

नाना खुर्चीत बसले. फलाट रेघेवर होता, डबा फोटोसारखा होता. म्हणजे रूळच फलाटाच्या अंगाला जाऊन बसले होते. भाऊजींचे रूळ. त्यांनी स्वतःच्या पायांवर उभं राहून केलेलं शेवटचं काम.

खिळे उपटून रूळ सरकवणं कठीण नव्हतं. पण बोट घालायचं नाही म्हणून बजावलेलं होतं, आणि जो माणूस आधीच भिंतीकडे तोंड करून पडलाय त्याला तुमचं चुकलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नानांनी खिशातून कानस काढली आणि आपल्याच डब्याची पायरी निम्मी तासून टाकली. गुलाबी दिसायला लागली त्यावर तपकिरी रंग मारला. फोटोतल्यासारखी ती आता नव्हती. जीव हळहळला, पण डबा न घासता गेला. नाना मुकाट्याने कुलूप लावून घरी आले.

मंगळवारी भाऊजींना घरी आणलं. पलंगावर निजवलं, उशा लावल्या. ताई नानांकडे न बघता त्यांच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, बटण दाबायला सांगा."

नानांनी बटण दाबलं. इंजिन निघालं, डोंगर ओलांडला, दारावरच्या फळीवरून धडधडत गेलं. स्टेशनात शिरताना नानांनी श्वास धरला. पाहतात तो ताईनेही धरलेला. गाडी सुरळीत फलाटाला लागली आणि थांबली.

भाऊजींनी मान वळवली. मग म्हणाले, "एवढी फट?"

फट होतीच. बोट जाईल एवढी. फलाटावर उभ्या केलेल्या चिमुकल्या बाईने पाय उचलला असता, तर थेट रुळावर पडली असती.

"पायरी थोडी तासली मी," नाना पुटपुटले.

ताई वळली. "तू तासलीस? अरे, मी फलाट तासला. रविवारी. गाडी सोडून न बघताच अख्खी एक ओळ दगडांची काढली."

"कशाला? तुझा फलाट तर रेघेवर होता."

"आणि तुझी पायरी फोटोबरहुकूम होती ना?"

दोघांच्याही चेहऱ्यावर एकच गोष्ट दिसत होती आणि ती कोणी उच्चारायला तयार नव्हतं.

"दोघांनी आपापलं कापलंत," भाऊजी म्हणाले. "रुळाला का हात लावला नाहीत?"

"तुम्हीच तर..." ताईने सुरुवात केली आणि सोडून दिली.

"अगं, चूक माझी होती तर माझी म्हणायची. मी काय खुबा मोडला म्हणून काचेचा झालो?" भाऊजींचा आवाज बऱ्याच दिवसांनी चढला. "मुद्दाम जवळ टाकले होते मी रूळ. आमच्या एकाही स्टेशनात फलाट गाडीला धड लागला नाही. सगळी नोकरी लोकांना हात देऊन उतरवण्यात गेली. त्या फटीत काय काय पडलं माझ्या डोळ्यांदेखत! छत्र्या, चष्मे, एकदा अख्खं कलिंगड. एकदा तर स्टेशनमास्तर. म्हटलं, निदान माझ्या घरच्या स्टेशनात तरी म्हातारं माणूस बिनघोर उतरेल. तेव्हा गार्डाचा डबा तेवढा तयार होता, त्यावरूनच माप घेतलं. त्याला पायरीच नाही. बाकीच्या डब्यांना असते, हे गार्डाच्या डोक्यात येऊ नये म्हणजे कमाल झाली."

"स्टेशनमास्तरांना लागलं का हो?" नानांच्या बायकोने विचारलं.

"लागलं कसलं! खालून मलाच शिटी मारू नको म्हणून ओरडत होते."

ताईला हसू आवरेना. नानाही हसले, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं ते भांडणानंतर पहिल्यांदा.

"उद्या सरकवू रूळ," नाना म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं."

"उद्या नाही. आणि तू नाही. रूळ माझे." भाऊजींनी पांघरूण बाजूला केलं. "पक्कड आण. आणि ती खुर्ची इकडे ओढ, हाताची."

ताईने तोंड उघडलं होतं, पण नानांच्या बायकोने तिचा दंड दाबला. भाऊजींनी पलंगाची कड धरली. चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम आला. नानांनी एका बाजूने धरलं, ताईने दुसऱ्या. व्यायामाच्या मुलीला जे जमलं नव्हतं ते झालं. भाऊजी उठले, वळले आणि खुर्चीत बसले.

मग त्यांनी खिळे उपटले. एक खिळा वाकला आणि त्यांनी त्याला शिवी दिली. रूळ फलाटाकडे सरकवले, डबा मध्ये धरून पाहिला, पुन्हा सरकवले. ताई खिळे पुढे करत होती, नाना डबा धरून होते. कोणी कोणाला शहाणपण शिकवलं नाही. चहा दोनदा गार झाला.

शेवटी गाडी सोडली. ती फलाटाला लागली तेव्हा पायरी आणि दगड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकलं असतं, त्याहून जाड काही नाही. भाऊजींनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आता उतरू दे लोकांना."

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तेव्हा ते खुर्चीत बसलेलेच होते, आणि दुकान मांडल्यासारखे आजूबाजूला खिळे पसरून ठेवले होते. पावसाळ्यापर्यंत ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले.

भाऊजी त्यानंतर चार वर्षं जगले. पाचव्या वर्षी, मार्च महिन्यात, एका गुरुवारी दुपारी ते झोपेत वारले.