इथली म्हणवून घेणारी व्हायलेट

“तुझ्याच बुटांखाली मेल्या त्या ऑर्किड, नोला. मी खुब्याचं ऑपरेशन करून पडले होते, तेव्हा बागेत दुसरं कोण फिरत होतं?”

“मी पाणी घालत होते, तेही पायवाटेवरून. तुला दोष द्यायला बहीण बरी सापडते.”

या दोघी म्हाताऱ्या कधीच्या माझ्या डोक्यावर उभ्या राहून भांडताहेत आणि मी खाली अंग चोरून पडलेय. मी व्हायलेट बोलतेय. झाडांएवढ्या नेच्यांच्या सावलीत जमीन झाकणारी, नखाएवढ्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांची. सांगायला लाज वाटते, पण मारेकरी मी आहे.

रोपवाटिकेत माझ्या कुंडीवर ‘इथलीच’ अशी पाटी होती. ती खोटी होती. माझं मूळ दूर उत्तरेला, समुद्रकाठी. या डँडेनाँगच्या डोंगरातली व्हायलेट वेगळी. बारीक, बेतानं राहणारी. एका पाहुण्यानं हे थोरलीला, थेल्माला, तोंडावर सांगितलं होतं. ती देशी झाडांच्या मंडळाची अध्यक्ष. तिनं त्याला केकही न देता वाटेला लावलं आणि बाकीच्यांना मला दाखवून म्हणाली, “सावलीत काही येत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघा.” मी फुगले. कौतुक कुणाला नको असतं?

इथे या दोघींच्या वडिलांनी जपलेल्या हिरव्या टोपीच्या ऑर्किड होत्या. उन्हाळाभर त्या मातीखाली झोपतात. वर काही दिसेना, म्हणून मी जागा रिकामी समजले आणि पसरले. गारठा पडल्यावर त्या जाग्या झाल्या, खालून मला ढोसू लागल्या. मला कळत होतं. मी हलले नाही.

“तुझा तो लाडका गालिचा उचलून तरी बघ,” नोला म्हणाली.

“त्याला हात लावायचा नाही.”

नोला ऐकते कसली. गुडघ्यांवर बसून तिनं माझी कड चादरीसारखी उलटली. खाली उजेडाविना पांढरी पडलेली ऑर्किडची दोनच रोपं होती.

थेल्माच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता पाटीला शिव्या देईल, नाहीतर मला. मी त्या खाल्ल्या असत्या. पण काठी नेच्याला टेकवून ती म्हणाली, “मंडळातल्या सोळा घरी ही मीच माझ्या हातानं वाटलीय, नोला, फावडं आण, सुरुवात आपल्या दारापासून करू, आणि मग त्या सोळा दारांत जाऊन माझी चूक मीच सांगेन.”