गंजातले हिरवे धागे

मी शिंपली बोलतेय. खरं तर अर्धीच. माझी एक वाटी मैनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असते, ती मी. दुसरीला मधोमध भोक पाडून मैनाबाई तिने कैऱ्या सोलतात.

माझा जन्म नागपुरातला, विणकरांच्या वस्तीमागच्या तळ्यातला. चिखलात अर्धं अंग रुतवून बसायचं, तोंड किंचित उघडून पाणी आत घ्यायचं, त्यातलं बारीकसारीक खाऊन पाणी बाहेर सोडायचं. एवढाच माझा संसार.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली. दिसायला कोवळी, पण पहिल्याच घोटाला मला कळलं, हे विषारी आहे. आम्हाला पळता येत नाही, चावता येत नाही. आम्ही तोंड मिटतो. पण श्वासही पाण्यातूनच घ्यायचा, तर किती वेळ मिटून राहणार? मग थोडं उघडायचं, आत आलेलं हिरवं चिकट लाळेत गुंडाळायचं आणि न गिळताच बाहेर टाकायचं. तरी थोडं पोटात जातंच. ते कोपऱ्यात दडवून ठेवायचं आणि हळूहळू, बऱ्याच दिवसांनी, संपवायचं.

त्याच दिवसांत मैनाबाई टोपली घेऊन तळ्यात उतरल्या. त्यांची सून सिंधू गर्भार होती. भाकर पाहिली तरी तिला उमळून यायचं. डोहाळा एकच, शिंपल्यांच्या रश्श्याचा. मैनाबाईंनी मला उचलून टिचकी मारली. मी घट्ट मिटलेली. ताजी आहे म्हणून त्या खूश झाल्या. मी मिटले होते भीतीने.

घरी त्यांनी आम्हाला जर्मनच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, विहिरीच्या पाण्यात ठेवलं. पोटातली रेती निघून जावी म्हणून शिंपल्या रात्रभर अशाच ठेवतात. स्वच्छ पाणी लागताच आम्ही तोंडं उघडली आणि धरून ठेवलेलं टाकायला लागलो.

सकाळी सिंधूने हौसेने मसाला वाटला. मैनाबाई गंजाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. तळाशी हिरवे, बुळबुळीत धागे पडले होते. त्यांनी एक बोटावर घेऊन हुंगला.

"काय पाहून राहिल्या आत्याबाई? मसाला वाळून राहिला."

"थांब वं सिंधू. दरवेळी ह्या रेती टाकतात, आज हिरवं टाकून राहिल्या. ह्यायलेच जे पोटात नको, ते तुझ्या पोटात काहून घालू?"

त्यांचा मुलगा वसंत मागावरून उठून आला. रात्रभर चांगल्या पाण्यात होत्या, आता साफ झाल्या असतील, असं त्याचं म्हणणं.

"आत काय उरलं ते मले दिसते का गा?" मैनाबाई म्हणाल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की रेती एका रात्रीत जाते, विष जात नाही, शिजवूनही जात नाही. पण मला फक्त मिटता येतं.

सिंधू रडली. शेजारच्या यमुताईंनी भिंतीपलीकडून टोमणा मारला, की सुनेच्या तोंडचा घास सासूनेच काढला. मैनाबाईंनी आम्हाला अंगणातल्या टाक्यात सोडलं, आणि अंबाडीच्या बोंडांचं आंबट सरबत करून सिंधूजवळ बसल्या. तिने घोट घोट घेतलं. ते मात्र पोटात ठरलं.

पावसाच्या तोंडाशी मी वयाने गेले. सिंधूला मुलगी झाली, पण सुरुवातीला तिला दूध पुरेना. तेव्हा मैनाबाईंनी माझी ही वाटी दगडावर घासली, पुन्हा पुन्हा उकळली, आणि बाळाला वरचं दूध माझ्यातून पाजलं.

आपण त्या दिवशी बरोबर होतो की नाही, हे मैनाबाईंना कधीच कळलं नाही. मला ठाऊक आहे. त्या सकाळी ते विष माझ्या पोटात होतं.

म्हणून एवढंच मागते. तळं हिरवं झालं, की आम्हाला आणू नका. आमचं आम्हाला सावकाश निस्तरू द्या.

ती मुलगी आता शाळेत जाते. कधी मला उजेडात धरून आतली चमक बघते, कडेवरून बोट फिरवते. तिच्या ओठांना लागू नये म्हणून आजीने घासलेली ती कड अजून गुळगुळीत आहे.